भूक मारणारं इंजेक्शन, एअर फ्रायर आणि आपल्या पाटोड्या

अमळनेरहून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या मिस्टरांना मधुमेह आहे, वजन ९६ किलो होतं. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचं वजनाचं इंजेक्शन सुरू केलं आणि साडेचार महिन्यांत वजन ८५ वर आलं, साखरही आटोक्यात आली. पण आता चार घास झाले की ताट सरकवतात. अंड्याच्या वासाने मळमळतं. प्रोटीन पावडर खडू कालवल्यासारखी लागते म्हणून डबा तसाच पडून आहे. संध्याकाळी मात्र काहीतरी खमंग हवं असतं. मुलाने एअर फ्रायर घेऊन दिला, ताईंनी त्यात सोया चंक्स केले, ते गोट्यांसारखे झाले. मिस्टरांनी एक चावला आणि बाकीचे कुत्र्यापुढे गेले. तर एअर फ्रायरमध्ये प्रोटीनचं असं काय करता येईल, जे ते मागून खातील?

ताई, त्या गोट्यांपासूनच सुरुवात करते, कारण सगळी गोम तिथेच आहे.

एअर फ्रायर हा तळणारा डबा नाही. वर कॉइल, तिच्यावर पंखा, खाली जाळीची टोपली; छोटी जोरदार भट्टीच ती. फिलिप्सने २०१० मध्ये हे यंत्र बाजारात आणलं आणि नाव असं दिलं की लोकांना अजून वाटतं, यात भजी होतात. कढईत तळताना पदार्थातलं पाणी जातं, तसं थोडं तेल आत येतं, म्हणून भजं आतून मऊ राहतं. इथे गरम वारा पाणी ओढून घेतो आणि त्याच्या जागी काहीच देत नाही. मग ज्यात मुळात तेल-तूप नाही आणि प्रोटीन भरपूर आहे ती वस्तू आकसते, चामट होते. पिळून काढलेला सोया म्हणजे तर नुसतं प्रोटीन आणि धागा. तो गोटी होणारच, यात तुमचा काही दोष नाही.

आता औषधाचं बघा. सेमाग्लुटाइड काय किंवा टिर्झेपटाइड काय, ही औषधं आपल्या आतड्यातून जेवणानंतर सुटणाऱ्या संप्रेरकांची नक्कल करतात. मेंदूला 'पोट भरी गयं' असा निरोप जातो आणि जठर रिकामं व्हायला नेहमीपेक्षा वेळ लागतो. दुपारचं अन्न संध्याकाळीही पोटात असल्यासारखं वाटतं. अशा पोटात कोरडा, चिवट घास गेला की तो छातीत बसतो, ढेकर येतात, मळमळतं, आणि माणूस त्या पदार्थाचं नाव टाकतो. तेलकट घासाचंही तेच, उलट तो जास्त वेळ रेंगाळतो. म्हणजे तळलेलं चालत नाही आणि वाळलेलंही चालत नाही. माझ्याकडे जळगावात या औषधांवरची जी मंडळी येतात त्यांना मी एकच सांगते: 'कुरकुरीत' हा शब्द सध्या विसरा. बाहेरून खमंग, आतून ओलं, आणि सोबत बुडवायला पातळ काहीतरी. त्या मापात जे बसेल तेवढंच एअर फ्रायरमध्ये टाकायचं.

प्रोटीनचा एवढा आग्रह का, तेही सांगते, कारण 'वजन तर उतरतंय, मग कशाला मागे लागता' असं घरोघरी ऐकू येतं. उतरलेलं वजन सगळी चरबी नसते. टिर्झेपटाइडच्या मोठ्या अभ्यासात गेलेल्या वजनातला साधारण चौथा हिस्सा चरबी सोडून इतर उतींचा, म्हणजे स्नायू वगैरेंचा होता. पन्नाशीनंतर गेलेला स्नायू सहजी परत येत नाही. निरोगी माणसासाठी आपल्याकडे किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगितलं आहे. वजन झपाट्याने उतरत असताना मी किलोमागे १.२ धरते, तेही आजच्या ८५ वर नाही, जिथे पोचायचं आहे त्या वजनावर. तुमच्या मिस्टरांचं ते ७२ धरलं तर दिवसाला ८५ ग्रॅमच्या आसपास होतं. तुम्ही लिहिलेलं खाणं मी मोजलं, ते जेमतेम ३५ ग्रॅम भरतं. एकदम ८५ चा हट्ट धरू नका. आधी ६० गाठू. दिवसातून चार-पाच वेळा, दर खेपेला १२ ते १५ ग्रॅम, आणि ताटातला पहिला घास त्याचा. भाकरी नंतर, भात त्याच्याही नंतर. नेमकं इथेच आपल्याकडे उलटं होतं. आधी वरण-बट्टीतली बट्टी जाते आणि वरणाला पोटात जागाच उरत नाही.

आता खमंग काय करायचं ते. खान्देशी माणसाला उत्तर लांब शोधावं लागत नाही. पाटोड्या करा.

पाटोडीचं पीठ आधी शिजवलेलं असतं, हा तिचा मोठा गुण. कच्चं भज्याचं पीठ जाळीतून खाली गळतं आणि पंखा त्याची रांगोळी काढतो. थापून कापलेली वडी जागची हलत नाही, आत ओलावाही धरून ठेवते. माझं माप असं. एक वाटी, म्हणजे १०० ग्रॅम बेसन. दीड वाटी पातळ ताक. ६० ग्रॅम पनीर, किसलेलं. बेसन ताकातच फेटून घ्या, गुठळी राहू देऊ नका. हळद, हिंग, ओवा, मीठ, आलं-लसणाचं वाटण त्यातच. कढईत दोन चमचे तेलाची जिरं-मोहरीची फोडणी करून मिश्रण ओता आणि हात न थांबवता घोटा. कडा सोडू लागलं की पनीरचा कीस मिसळा, झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सहा मिनिटं वाफ द्या. तेलाचा हात लावलेल्या ताटात ओल्या हाताने थापा, जाडी बोटभर. नेहमीच्या पाटोडीपेक्षा ही जाड ठेवायची, पातळ वडी आतपर्यंत वाळते. वरून तीळ आणि कोथिंबीर दाबा. वीस मिनिटं थंड होऊ द्या, गरम कापली तर भुगा होतो. अठरा वड्या पडतात.

मग टोपली तीन मिनिटं तापवा, वड्या एकमेकींना न चिकटवता ठेवा, एक चमचा तेल ब्रशने सगळ्यांवर फिरवा. बाजारात तेलाचे फवारे मिळतात, ते नको. त्यातल्या काहींमुळे टोपलीवरचा थर खराब होतो. १८० अंशांवर पाच मिनिटं, उलटून आणखी तीन. कडा बदामी झाल्या की बाहेर. दोन मिनिटं जास्त राहिली तर तिला खारी शंकरपाळी म्हणा.

एका वडीत साधारण २ ग्रॅम प्रोटीन येतं. पाच खाल्ल्या तर १०. खरी युक्ती पुढे आहे: त्या कोरड्या द्यायच्या नाहीत. आपला काळ्या मसाल्याचा रस्सा करा, पण त्यांच्यासाठी वरची तर्री बाजूला काढून खालचा पातळ रस्सा छोट्या वाटीत द्या. वडी बुडवून खायची. तर्री घरातल्या बाकीच्यांना वाढा, त्यांची काही तक्रार येणार नाही. सोबत चक्का-दह्याची चटणी दिली तर आणखी दोन-तीन ग्रॅम पदरात पडतात. बेसनाने पोट फुगण्याची भीती असते, म्हणून पहिल्या दिवशी तीनच द्या आणि रात्र कशी जाते ते बघा.

सोयाचं पाकीट फेकलं नसेल अशी आशा आहे. वाळलेल्या १०० ग्रॅम सोयात ५२ ग्रॅम प्रोटीन असतं. एवढं स्वस्त प्रोटीन किराणा दुकानात दुसरं नाही, फक्त त्याला अख्खं वापरायचं नाही. ५० ग्रॅम चंक्स मिठाच्या पाण्यात उकळा, दोन-तीनदा गार पाण्यात धुऊन पिळा. तो उग्र वास, ज्याने तुमच्या मिस्टरांना मळमळेल, या धुण्यात जातो. मग मिक्सरला एकच झटका, खिम्यासारखा भुगा. त्यात एक उकडलेला छोटा बटाटा, बारीक कांदा, दोन चमचे घट्ट दही, भाजलेल्या दाण्याचं दोन चमचे कूट आणि बांधायला कळण्याचं पीठ. ब्रेडचा चुरा मी मुद्दाम टाळते. कळण्यात ज्वारीसोबत उडीद असतो, त्याचा चिकटपणा बांधणीला येतो आणि प्रोटीनही येतं. दही आणि कूट ओलावा धरतात. आठ चपट्या टिक्क्या करा, तेलाचा ब्रश, १८० वर दहा मिनिटं. एका टिक्कीत चार ग्रॅमच्या आसपास. दोन टिक्क्या आणि वाटीभर ताक झालं की संध्याकाळचा कोटा जवळपास भरतो.

पनीरबद्दल फार लिहीत नाही, सगळे तेच करतात. एवढंच: तुकडे दहा मिनिटं कोमट मिठाच्या पाण्यात ठेवा, मग दही-बेसनाचा हात द्या, १८० वर सात मिनिटं, आणि लगेच खा. पंधरा मिनिटांनी तेच तुकडे रबर होतात. शिवाय म्हशीच्या दुधाच्या पनीरमध्ये प्रोटीनएवढीच, कधी जास्तच चरबी असते, काहींच्या पोटाला ती जड जाते. घरी मांसाहार चालत असेल तर छातीचं कोरडं मांस घेऊ नका, बिनहाडाचं मांडीचं चिकन घ्या. दही, आलं-लसूण, काळा मसाला लावून चार तास, मग २०० वर बारा ते चौदा मिनिटं. मोठा तुकडा कापून बघायचा, आत गुलाबी नको.

मूठभर शेंगदाणे 'प्रोटीन' म्हणून देणारे पुष्कळ भेटतात. ३० ग्रॅम दाण्यांत सात-आठ ग्रॅम प्रोटीन असतं खरं, पण त्याच्या जवळपास दुप्पट तेल असतं. कूट म्हणून वापरा, मुठीने नको. फुटाणे बरे, पण ते कोरडे. दोन चमचे, ताकासोबत.

आता थोडं वेगळं सांगते, एअर फ्रायर घेतलेल्या माणसाला ते आवडणार नाही. इंजेक्शननंतरचे एक-दोन दिवस आणि डोस वाढवल्यानंतरचा आठवडा हे वाईट दिवस असतात. सेमाग्लुटाइड असो की टिर्झेपटाइड, डोस टप्प्याटप्प्याने, चार-चार आठवड्यांनी वाढवतात तो याचसाठी, पोटाला सवय व्हावी म्हणून. या दिवसांत भाजल्याचा, फोडणीचा, मसाल्याचा वासही नको होतो. तेव्हा यंत्राला विश्रांती द्या आणि डुबुकवड्या करा. बेसनाचं जाडसर पीठ चमच्याने उकळत्या पातळ रश्शात सोडलं की झालं. त्याहून मऊ, ओलं आणि प्रोटीनचं खान्देशात दुसरं काही मला सुचत नाही. तिखट अगदी बेताचं. आणि ताटात वाफाळत्या न देता कोमट द्या. गरम पदार्थाचा वास जास्त येतो. मळमळणाऱ्या माणसाला कोमट किंवा गार चालतं, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे. माझ्याकडे एक बाई यायच्या, त्यांना गरम वरणाचा वाससुद्धा सहन होत नव्हता. तेच वरण गार करून, लिंबू पिळून पेल्यात दिलं, तर प्यायल्या.

गार खाण्यावरून गोडाचा विषय निघतो. तुमच्या मिस्टरांना जेवणानंतर गोड लागतं असं लिहिलं आहे तुम्ही. त्यासाठी ही वाटी. २०० ग्रॅम चक्का, दोन अंडी, अर्धं पिकलेलं केळं, वेलची, जायफळ. केळं घातलं की वेगळी साखर लागत नाही, आणि केळी रावेर-यावलची असतील तर नाहीच नाही. सगळं फेटा, पण फेस येईपर्यंत नको. चार छोट्या स्टीलच्या वाट्यांत भरा, वर फॉइल घट्ट गुंडाळा. सैल राहिलं तर पंखा उडवतो. १५० अंशांवर अठरा ते वीस मिनिटं; मधोमध किंचित थरथरत असतानाच काढा, बाकीचं आपोआप घट्ट होतं. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. वाटीला सात-आठ ग्रॅम प्रोटीन पडतं आणि लागतं खरवसासारखं. अंड्याचा वास वेलचीखाली दबतो, आणि गार असल्यामुळे जवळपास येतच नाही, म्हणून अंड्याला नाही म्हणणाऱ्यांनाही हे चालून जातं. तरी आधी त्यांना सांगून द्या. लपवून दिलं आणि नंतर कळलं की पुढे काहीही खाताना शंका घेतात. अंडं अजिबात नको असेल तर दोन चमचे कॉर्नफ्लोअर आणि चार चमचे साय काढलेली दूध पावडर घाला. पोत थोडा पिठूळ येतो, चव जमते.

काय करू नये तेही ऐका, मी हात पोळून घेतलेत. शेवभाजीसाठी शेव एअर फ्रायरमध्ये पाडून पाहिली. रश्शात टाकेपर्यंत ठीक, नुसती खाल्ली तर तोंडात रेती. बिबडे, म्हणजे आपले ज्वारीचे पापड, भाजायला ठेवले, पंख्याने एक उचलला आणि थेट कॉइलला चिकटवला. घरभर धूर आणि सासूबाईंचं भाषण. नागलीचे पापडही तसेच उडतात, ठेवायचेच तर वर स्टीलची जाळी दाबा. भरताची वांगी २०० वर वीस-पंचवीस मिनिटांत भाजली जातात. टोचून ठेवा नाहीतर फुटतात. पण कपाशीच्या वाळल्या काड्यांवरच्या भरताचा धूर त्यात कुठून येणार? जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते काही या डब्यात भाजायला नाही. शिवाय वांग्यात प्रोटीन नावालाच. भरीत करा, फक्त सोबत घट्ट दही घ्या आणि त्याला प्रोटीनचं जेवण समजू नका.

यंत्र १४००-१५०० वॉटचं असतं, मोठ्या सॉकेटवरच लावा, इन्व्हर्टरवर नको.

आता डॉक्टरांकडे नेण्याच्या गोष्टी. मिस्टरांना मधुमेह आहे, तर ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिनही सुरू आहे का ते बघा. खाणं निम्म्यावर आलं आणि ती गोळी जुन्याच मापाने चालू राहिली तर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी असं काही झालं तर आधी साखर द्या आणि डॉक्टरांना सांगून मात्रा ठरवून घ्या, आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही. दुसरं, क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी. मधुमेहात मूत्रपिंडावर परिणाम झाला असेल तर मी वर दिलेली प्रोटीनची मापं तुम्हाला लागू नाहीत. रिपोर्ट दाखवून माप ठरवा, मगच वाढवा. तिसरं, पोटात जोराची कळ येऊन पाठीत जात असेल, किंवा उलट्या थांबत नसतील, तर पित्त झालं म्हणून सोड्याची पुडी देत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. स्वादुपिंडाची सूज आणि पित्ताचे खडे हे या औषधांवर आणि झपाट्याने उतरणाऱ्या वजनात माहीत असलेले धोके आहेत.

बद्धकोष्ठ होतंच. तहानही भुकेसारखीच कमी लागते, त्यामुळे पाणी राहून जातं. जेवताना ग्लासभर पाणी पाजू नका, पोट त्यानेच भरतं. मधल्या वेळात घोट-घोट, दिवसभरात दोन लिटरच्या आसपास. आपल्या उन्हाळ्यात पारा ४५ कडे जातो तेव्हा त्याहून जास्त. आणि दिवसातून दोनदा, हात न टेकता खुर्चीतून दहा-दहा वेळा उठ-बस करायला लावा. नुसतं प्रोटीन खाऊन स्नायू टिकत नाही, त्याला काम द्यावं लागतं.

आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, तुम्ही शेवटी विचारलंय, पाहुण्यांसमोर ताट कसं वाढायचं म्हणून. ताट लहान घ्या. मांड्याचा चतकोर, आमरस अर्धी वाटी, आणि डाळीचे वडे तेलात तळण्याआधी त्यांच्या वाटणीचे तीन बाजूला काढा. हे पीठ जाड असतं, पण तरी जाळीवर नको, तेलाचा हात लावलेल्या आप्पेपात्रात घाला. त्यात ते एअर फ्रायरपेक्षा चांगले होतात. आधी वडे दह्यात बुडवून द्या, मांडा त्यानंतर वाढा. कुणी आग्रह करायला आलं की तुम्हीच मध्ये पडा, कारण खान्देशी पाहुणचारात 'बस' म्हणायचं काम खाणाऱ्याला जमत नाही.

पाटोड्यांचं थापलेलं पीठ फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतं. रोज एकदम अठरा भाजू नका, लागतील तेवढ्याच कापा. भाजलेल्या उरल्याच तर दुसऱ्या दिवशी पाण्याचा हबका मारून १६० वर तीन मिनिटं.